विटा नंतर, आधी पॅडल: मोबाइलवरच्या विटा फोडायच्या गेमबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने प्रोजेक्ट म्हणून मोबाइलसाठी विटा फोडायचा गेम केलाय. खाली पॅडल (बॉल परत उडवणारी सरकती फळी), वर विटांच्या ओळी, मध्ये बॉल. गेम चालतो, पण बॉल मधूनच विटेतून आरपार जातो, कधी दोन भिंतींच्या मध्ये आडवा अडकून बसतो, आणि मित्र दोन मिनिटं खेळून फोन परत देतात. 'सर, पॉवर-अप वाढवू की लेव्हल वाढवू?' असं त्याने विचारलंय. (पॉवर-अप म्हणजे खेळताना मिळणाऱ्या जादा शक्ती.) शेवटी हळूच, 'हा गेम असा कॉपी केलेला चालतो का?' सोबत कोडचा तुकडाही दिलाय.

वयाने माझ्या निम्मा असशील, म्हणून अरेतुरे करतोय. राग मानू नकोस.

पहिल्या दोन तक्रारी कोडच्या आहेत. एका संध्याकाळी सुटतील, खाली सांगतो. तिसरी खरी. तिच्यावर पॉवर-अपचा इलाज चालत नाही, लेव्हलचा तर मुळीच नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. हा गेम मी आजवर पाच वेळा, पाच वेगवेगळ्या यंत्रांसाठी बनवलाय आणि पहिल्या वेळी साफ आपटलोय.

ते जावा फोनचे दिवस होते. पुण्यात एका छोट्या कंपनीत आम्ही तिघं जण गेम लिहायचो. फोनचा स्क्रीन 128 बाय 128 पिक्सेल आणि अख्खा गेम 64 केबीत बसवायचा. चित्रं, आवाज, कोड, सगळं त्यात. जावाची जी आवृत्ती त्या फोनवर होती तिच्यात दशांश संख्याच नव्हत्या, साइन-कोसाइन तर दूरची गोष्ट. म्हणून बॉलची जागा 256 ने गुणून पूर्णांकात ठेवायची, चित्र काढताना परत भागायचं आणि कोनांचा तक्ता हाताने लिहून ठेवायचा. ही कसरत जमली म्हणून मी स्वतःवर भलताच खूश होतो. त्या भरात 40 लेव्हल रचल्या. मोराची लेव्हल, किल्ल्याची लेव्हल, गणपतीची पण होती. बॉल मारून गणपती फोडायचा का, यावर ऑफिसात वाद झाला आणि ती काढली. लेव्हलवर पंधरा दिवस गेले. पॅडलवर अर्धा दिवस.

कॉम्प्युटरवर फोनची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये गेम झकास चालायचा. फोनवर घेतला आणि कळलं. 4 दाबला की पॅडल डावीकडे, 6 दाबला की उजवीकडे. पॅडलचा वेग कमी ठेवला तर दूरच्या कोपऱ्यातला बॉल गाठता येत नव्हता. वाढवला तर बॉलच्या पुढे निघून जायचं, मग परत मागे, मग परत पुढे. आम्ही मधला एक आकडा ठरवला, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा वाईट, आणि गेम दिला पाठवून. तो गेम कुणी दुसऱ्यांदा उघडला असेल असं मला वाटत नाही. तिसऱ्या लेव्हलच्या पुढे कुणी गेलं असेल तर तो मीच.

हा घोळ माझ्या एकट्याचा नव्हता. हातात धरायच्या यंत्रावर विटा फोडायचा गेम आणणाऱ्या प्रत्येकाला तो निस्तरावा लागलाय. कारण मुळात हा गेम बटणांसाठी जन्मलेलाच नाही.

अटारी या अमेरिकन गेम कंपनीचा 'ब्रेकआउट' 1976 चा. त्यात प्रोसेसर नव्हता, म्हणजे आपण ज्याला कोड म्हणतो तसं काही नव्हतंच. सगळं लॉजिक चिपांच्या जोडणीत. चिपा जितक्या कमी तितकं यंत्र स्वस्त. म्हणून अटारीत काम करणाऱ्या स्टीव्ह जॉब्जने आपला मित्र स्टीव्ह वॉझनियाकला गाठलं आणि वॉझनियाकने चार दिवसरात्र बसून इतकी आटोपशीर रचना केली की अटारीला ती कारखान्यात बनवणं जमेना. शेवटी बाजारात गेली ती त्यांची स्वतःची रचना. पडदा काळा-पांढरा आणि विटांचे रंग दिसावेत म्हणून काचेवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या. पुढे ॲपल टू हा कॉम्प्युटर करताना आपला हा गेम बेसिक या भाषेत लिहून चालवता आला पाहिजे, या हट्टापायी रंग, आवाज आणि पॅडलची सोय आपण त्यात घातली, असं वॉझनियाकनेच सांगितलंय.

पण तुझ्या कामाची गोष्ट वेगळी आहे. 'ब्रेकआउट'च्या यंत्राला होतं एक गोल बटण, फिरवायचं. रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं. बटण जितकं फिरवलं, पॅडल तितकंच आणि तिथेच. डोळ्याने बॉल कुठे पडणार ते पाहिलं की मनगट एका झटक्यात तिथे. मध्ये वेळ जात नाही. बटण दाबण्यात हे होत नाही. तिथे तू जागा सांगत नसतोस, 'चालायला लाग' आणि 'थांब' एवढंच सांगत असतोस. पॅडल कुठे थांबेल ते तुझ्या बोटाच्या वेळेवर. कॅरमच्या स्ट्रायकरला दोरी बांधून ओढत खेळायला सांगितलं तर कसं होईल, तसं.

1989 साली जपानमध्ये निन्टेंडोचा गेम बॉय, हातात धरून खेळायचं यंत्र, आला, तेव्हा पहिल्याच दिवशीच्या चार गेममध्ये एक विटा फोडायचा होता, 'ॲलीवे'. स्क्रीन 160 बाय 144, चार छटा आणि डावीकडे अधिक चिन्हासारखं बटण. फिरवायचं काही नाही. निन्टेंडोने काय केलं? एक बटण धरून ठेवलं तर पॅडल जोरात, दुसरं धरलं तर हळू. म्हणजे माझ्यासारखा मधला आकडा न निवडता वेग खेळणाऱ्याच्याच हातात दिला. इलाज पूर्ण नाही, पण प्रामाणिक आहे. मला हा गेम माझी आपटी खाऊन झाल्यावर मिळाला. आधी मिळाला असता तर बरं झालं असतं.

आपल्याकडे नव्वदीच्या दशकात जत्रेत, स्टेशनबाहेर, स्टेशनरीच्या दुकानात 'ब्रिक गेम' मिळायचा आठवतो का? तुझा जन्म नसेल झाला, घरी विचार. '9999 इन 1' लिहिलेला, दोन सेलवरचा. त्यात मुख्य खेळ वरून पडणाऱ्या तुकड्यांचा, पण यादीत विटा फोडायचा गेमही असायचा. 10 बाय 20 चौकोनांचा पडदा. बॉल म्हणजे एक चौकोन आणि तो एका चौकोनातून तिरका पुढच्या चौकोनात. गंमत म्हणजे तिथे बटणांनी फारसं बिघडत नव्हतं, कारण जगच दहा घरांचं होतं. चार वेळा टकटक केलं की चार घरं. जागा मोजता यायची. पडदा बारीक आणि गुळगुळीत झाला तेव्हा बटणं तोकडी पडली.

मग 2001 चा आयपॉड. त्यात एक गेम लपवून ठेवला होता, यंत्राची माहिती दाखवणाऱ्या पानावर मधलं बटण बराच वेळ दाबून धरलं की उघडायचा. 'ब्रिक'. आणि आयपॉडला होतं चाक! पंचवीस वर्षांनी गोल बटण परत आलं. गाणी शोधायला बनवलेल्या त्या चाकावर हा गेम इतका चपखल बसला की पुढे तो उघडपणे मेनूत ठेवला. ब्लॅकबेरीवरही तीच कथा, कडेच्या चाकावर आणि नंतर मधल्या छोट्या गोळ्यावर लोक मीटिंगमध्ये टेबलाखाली 'ब्रिकब्रेकर' खेळायचे. 2007 मध्ये टायटो या जपानी कंपनीने निन्टेंडो डीएस या हातातल्या यंत्रासाठी 'आर्केनॉइड' काढला तेव्हा सोबत वेगळं फिरवायचं बटण विकलं, यंत्राच्या दुसऱ्या खाचेत अडकवायचं. एका गेमसाठी अख्खं वेगळं बटण! अलीकडच्या प्लेडेट या हातातल्या गेमयंत्राला तर बाजूला चक्क फिरवायचं हँडलच आहे. मी पाचव्यांदा हा गेम केला तो त्याच्यासाठी, आणि पॅडलला अर्धा दिवस खरोखर पुरला, असं पहिल्यांदाच झालं.

आता तुझा फोन. टचस्क्रीनवर वाटतं की प्रश्नच मिटला, बोट जिथे तिथे पॅडल. तू तेच केलंयस. बोटाचा एक्स घेतला, पॅडलला दिला. आता हा गेम आईला किंवा आत्याला दे. शिकवू नकोस, फक्त तिच्या अंगठ्याकडे बघ. माझ्या आत्याकडे मी पाहिलं तेव्हा दिसलं ते असं: अंगठा पॅडलवर ठेवला की पॅडल अंगठ्याखाली गायब. बॉल खाली आला की ती अंगठा जरा बाजूला करून बघायची, पॅडल पण बाजूला जायचं आणि बॉल मधून पडायचा. तिसऱ्यांदा पडल्यावर ती म्हणाली, 'दिसतच नाही रे काही,' आणि फोन उलटा करून ठेवला. तुझे मित्र दोन मिनिटांनी फोन परत देतात त्याचं मुख्य कारण हेच असणार. ते सांगत नाहीत, कारण त्यांनाही कळलेलं नसतं. ते म्हणतात, 'बोअर होतंय.'

म्हणून पॅडल तळापासून वर उचल. स्क्रीनच्या उंचीचा साधारण पाचवा भाग खाली मोकळा सोड, ती अंगठ्याची पट्टी. वाया गेलेली जागा वाटेल, सोड तरीही. दुसरं, बोट जिथे टेकलं तिथे पॅडलने उडी मारू नये. बोट किती सरकलं तेवढंच पॅडलने सरकावं, म्हणजे बोट कुठेही टेकवून ओढता येतं, आयपॉडच्या चाकासारखं. आणि सरकणं थोडं गुण. मी 1.3 ने गुणतो. बोट 10 पिक्सेल सरकलं तर पॅडल 13. मोठ्या फोनवर एका हाताने खेळणाऱ्याचा अंगठा पार पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचत नाही, त्याला हे लागतं. 1.6 च्या वर गेलास की पॅडल हातातून निसटल्यासारखं वाटायला लागतं.

पॅडलला कसलाही मऊपणा देऊ नकोस. तुझ्या कोडमध्ये पॅडल 'लर्प'ने बोटामागे हळूहळू येतंय. दिसायला छान, खेळायला जीवघेणं. बोट आणि पॅडल यांच्यामध्ये एका फ्रेमचाही, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राचाही, उशीर नको. मऊपणा हवाच असेल तर पॅडलच्या चित्राला दे, जरा तिरकं झुकव. धडक मोजायची ती खऱ्या जागेवर.

आणखी एक, जे एम्युलेटरवर सहसा लक्षात येत नाही. अँड्रॉइड 10 पासून बऱ्याच फोनवर कडेवरून आत बोट ओढलं की 'मागे' जातं. खेळणारा उजव्या कडेला बोट टेकवून जोरात डावीकडे ओढतो आणि ऐन रंगात गेम बंद. त्या पट्टीपुरती ही खूण वगळायची सोय सिस्टिममध्ये आहे, प्रत्येक कडेला उंचीने 200 डीपीपर्यंत (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवर मोजायचं माप). तुझी अंगठ्याची पट्टी तेवढ्यात बसव. तळाची घरी जायची खूण मात्र वगळता येत नाही, म्हणून पट्टी अगदी तळाला टेकवू नकोस.

फोन तिरका करून पॅडल हलवायची कल्पना तुझ्या यादीत दिसली. खोड. एसटीत बसून खेळून बघ एकदा, म्हणजे कळेल.

एक पळवाटही आहे, आणि ती चांगली आहे. 'बीबीटॅन' आणि 'बॉल्झ' या गेमनी पॅडलच काढून टाकलं. विटांवर आकडे, तू फक्त नेम धरायचा, बॉलांची रांग सुटते, परत आली की विटा एक ओळ खाली. तिथे बोटाने काही झाकलं जात नाही, घाई नाही, बस थांबली तर फोन खिशात टाकता येतो. टचस्क्रीनला काय जमतं ते ओळखून केलेला बदल आहे तो. पण तो वेगळा गेम. तुला पॅडलचाच करायचाय असं धरून पुढे जातो.

कोडकडे येऊ. तू 'अपडेट'मध्ये बॉलची जागा वेग गुणिले डेल्टा टाइमने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने) वाढवतोस आणि मग विटेला टेकलाय का बघतोस. आकडे घालून पाहू. वीट 24 पिक्सेल जाड, बॉल 16 चा, म्हणजे दोन्ही मिळून 40. बॉलचा वेग सेकंदाला 1500. फोन 60 फ्रेम देतोय तोवर बॉल दर फ्रेमला 25 पिक्सेल जातो आणि वीट चुकत नाही. मागे व्हॉट्सॲपचा मेसेज आला, फोन अडखळला, 30 फ्रेमवर आला. आता एका उडीत 50. विटेच्या अलीकडे होता, पलीकडे गेला, मध्ये कधी टेकलाच नाही. म्हणून तुला हे 'मधूनच' दिसतं, आणि तुझ्या चांगल्या फोनवर कमी, मित्राच्या स्वस्त फोनवर जास्त. उपाय साधा: एका पावलात बॉलने स्वतःच्या त्रिज्येपेक्षा जास्त जायचं नाही. त्रिज्या 8, जायचंय 25, तर चार पावलं टाक, प्रत्येक पावलाला धडक तपास. आजच्या फोनला हे काहीच नाही. गेम बॉयने चार मेगाहर्ट्झवर संसार केला.

पण तुझा आरपार जाणारा बॉल एवढ्याने थांबणार नाही, कारण दुसरी चूक जास्त छुपी आहे. तू लिहिलंयस: विटेला टेकला की उभ्या वेगाचं चिन्ह उलटव. आता बॉल खालून येऊन नेमका दोन विटांच्या सांध्यावर आदळला. एकाच फ्रेममध्ये दोन्ही विटांना टेकला. पहिल्या विटेने चिन्ह उलटवलं, दुसरीने परत उलटवलं. दोन विटा फुटल्या आणि बॉल जसा वर चालला होता तसाच वर गेला. उलटवणं हीच सवय मोडायची. बाजू बघून दिशा ठरव. खालून लागला तर बॉल खालीच जाणार, कितीही विटांना लागो. पॅडलचंही तेच. पॅडलवर बॉल थरथरत चिकटून राहतो म्हणालास, तो याचाच भाऊ: पॅडलच्या आत असताना दर फ्रेमला चिन्ह उलटतंय. 'वरच जा' असं लिही, चिकटणं बंद.

आणि बाजू कोणती ते ओळखायला आधी फक्त आडवं सरकव, तपास, मग फक्त उभं सरकव, तपास. आडव्या सरकण्यात धडक झाली तर ती बाजूची, उभ्या सरकण्यात झाली तर वरची किंवा खालची. मोठमोठी सूत्रं लागत नाहीत. विटा एकमेकींना चिकटून असल्या की आतल्या कडांवर बॉल भलतीकडे उडतो, तो प्रकारही याने जातो.

हे सगळं तयार गेम इंजिनवर सोपवायचा मोह होईल. युनिटी या इंजिनच्या टू-डी फिजिक्समध्ये एक सेटिंग आहे, व्हेलॉसिटी थ्रेशोल्ड, नव्या आवृत्त्यांत बाउन्स थ्रेशोल्ड. मूळ किंमत 1. भिंतीवर त्याहून हळू आदळलेला बॉल उसळत नाही. म्हणजे अगदी सपाट कोनात भिंतीला लागलेला बॉल भिंतीवरून घसरत जातो, पालीसारखा. किती पोरांनी यावर रात्री घालवल्यात! तू हाताने लिहितोयस ते बरंच आहे, तसंच लिही.

आता आडवा अडकणारा बॉल. तू पॅडलला आरसा मानलंयस, आला त्या कोनात परत. मग खेळणाऱ्याने करायचं काय? नुसतं अडवायचं? या गेममध्ये पॅडल ही बॅट आहे. मधोमध लागला तर सरळ वर, कडेला लागला तर तिरका, हे खेळणाऱ्याच्या हातात असतं म्हणून तो नेम धरतो. पॅडलच्या मध्यापासून बॉल किती दूर लागला ते उणे 1 ते अधिक 1 मध्ये मोज, त्याला 60 अंशांनी गुण, तेवढा कोन उभ्या रेषेपासून. येताना कोन काय होता ते विसर. भौतिकशास्त्राला धरून नाही, पण हाताला पटतं. बॉल आडव्या रेषेच्या 15 अंशांहून जवळ कधी जाऊच देऊ नकोस. आणि न फुटणाऱ्या विटा ठेवणार असशील तर एक मोजणी ठेव: बॉलने सलग 20 टप्पे घेतले, ना वीट फुटली ना पॅडलला लागला, तर कोन दोन-तीन अंशांनी हळूच हलव. कुणाच्या लक्षात येत नाही.

वेग. तो वाढवायचा कधी? तू दर 10 सेकंदांनी वाढवतोस. मूळ 'ब्रेकआउट'मध्ये विटांच्या आठ ओळी, एकेका ओळीत 14. खालून दोन-दोन ओळींचा एक रंग: पिवळी 1 गुण, हिरवी 3, नारिंगी 5, लाल 7. बॉलचा वेग वाढायचा तो चौथ्या टोल्याला, मग बाराव्या टोल्याला, आणि नारिंगी व लाल ओळींना पहिल्यांदा लागल्यावर. लाल ओळ फोडून बॉल वरच्या भिंतीला लागला की पॅडल अर्ध्यावर. घड्याळाचा संबंध नाही. प्रत्येक संकट खेळणाऱ्याने स्वतःच ओढवून घेतलेलं, बहुतेक वेळा त्याला आनंद झाला त्याच क्षणी. तुझ्या घड्याळावर चालणाऱ्या वेगात खेळणाऱ्याने काहीही केलं तरी तेच होतं. मी वेग पिक्सेलमध्ये मोजतच नाही. पॅडलवरून निघालेला बॉल परत पॅडलवर यायला किती वेळ लागतो ते मोजतो. सुरुवातीला दीड सेकंदाच्या आसपास, शेवटी पाऊण सेकंद. हल्लीचे फोन काठीसारखे लांब, तिथे हा हिशोब नाही केला तर बॉल वर गेला की खेळणारा नुसता बसून राहतो.

तुझा स्क्रीनशॉट पाहिला. विटा थेट वरच्या कडेला चिकटवल्यास. काढ त्या तिथून. वर तीन-चार ओळींइतकी जागा रिकामी सोड. बाजूने भोक पाडून बॉल भिंतीच्या मागे घुसतो आणि तिथे वेड्यासारखा टणाटण विटा फोडत सुटतो, तेव्हा खेळणाऱ्याला काही करावं लागत नाही, नुसतं बघायचं. या गेमचा सगळ्यात मोठा आनंद तो. डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने 2015 साली 'नेचर'मध्ये जो संगणकाने शिकलेल्या अटारी गेमचा निबंध छापला, त्यात 'ब्रेकआउट' होता. यंत्राला नियम सांगितले नव्हते, फक्त पडद्यावरचे पिक्सेल आणि गुण. बरंच खेळून ते स्वतःहून हेच शिकलं: कडेने बोगदा पाड आणि बॉल मागे पाठव. तू जागाच ठेवली नाहीस तर बोगदा पाडून जायचं कुठे?

शेवटची एक वीट. नवा गेम करणाऱ्या प्रत्येकाचा बळी तिथे जातो. 50 विटा एका मिनिटात आणि शेवटच्या एकीला दीड मिनिट. इथे मी थोडी लबाडी करतो, खेळणाऱ्याच्या बाजूने. तीनपेक्षा कमी विटा राहिल्या की पॅडलवरून निघणारा कोन तीन अंशांपर्यंत इकडेतिकडे करून विटेला लागतोय का बघतो, लागत असेल तर तो घेतो. लोकांना वाटतं आपला नेम बसला. वाटू दे.

आता पॉवर-अप, ज्याच्यासाठी तू मुळात लिहिलंस. ते रुजवले टायटोच्या 'आर्केनॉइड'ने, 1986 मध्ये. 33 फेऱ्या, विटांतून पडणाऱ्या रंगीत गोळ्या: पॅडल लांब, लेझर, बॉल चिकटून धरणं, बॉल हळू, एकाचे तीन बॉल, आणि उजवीकडे दार उघडून थेट पुढच्या फेरीत. लक्ष दे ते हे: एका वेळी एकच शक्ती अंगात. लेझर असताना लांब पॅडल घेतलं की लेझर गेला. तीन बॉल पडद्यावर असताना नवी गोळी पडत नाही. आणि गोळी खाली पडतेय एकीकडे, बॉल येतोय दुसरीकडे. धावायचं कुठे, हा प्रश्न पडला पाहिजे. तुझ्या गेममध्ये अकरा प्रकार आहेत आणि सगळे एकावर एक चढतात. तीन ठेव. बाकीचे पुढच्या वर्षाच्या पोरांना दे.

आवाजाचं एक सांगतो, मला स्वतःला फार आवडतं. वीट फुटल्याचा एकच 'टक' वाजवू नकोस. पॅडलवरून निघाल्यापासून प्रत्येक विटेला सूर एक पायरी चढव, पॅडलला लागला की परत सा. बारा सुरांनी चढवलंस तर कर्कश होतं. भूप घे, सा रे ग प ध, मग वरचा सा. पाचच सूर, बेसूर होऊच शकत नाही. आवाजाच्या पट्टीला 1, 1.122, 1.26, 1.498, 1.682, 2 ने गुण. बॉल भिंतीमागे घुसला की आपोआप तान निघते. बरेच लोक आवाज बंद करून खेळतात, त्यांच्यासाठी हलकं कंपन, पण फक्त बॉल पॅडलला लागल्यावर. दर विटेला दिलंस तर स्वस्त फोनची मोटर थांबेपर्यंत पुढची वीट फुटलेली असते, नुसती गुरगुर.

कॉपीचं विचारलंस. विटा, बॉल, पॅडल ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही, वाटेल तितक्यांनी केलीय. मजा अशी की अमेरिकेत कॉपीराइट कार्यालयाने 'ब्रेकआउट'ची नोंदणीच नाकारली होती, साध्या चौकोनांत कसली कला म्हणून. कंपनी कोर्टात गेली आणि 1992 मध्ये अपील कोर्टाने त्या नकाराचा फेरविचार करायला लावला. निकाल लिहिला रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी, ज्या पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तेव्हा चित्रं, आवाज, लेव्हलची मांडणी दुसऱ्याची उचलायची नाही, आणि 'ब्रेकआउट' किंवा 'आर्केनॉइड' ही नावं तुझ्या गेमला द्यायची नाहीत. बाकी मोकळा आहेस.

आता काम. सगळ्या विटा काढ. पॉवर-अप काढ, गुण काढ, मेनू काढ. फक्त बॉल, पॅडल आणि तीन भिंती. अंगठ्याची पट्टी, 1.3, 60 अंश, एवढं घाल. मग कुणाच्या तरी हातात दे आणि सांग, 'बॉल पडू देऊ नको.' बस. मिनिटभर बघ. माणूस बॉल मुद्दाम कडेवर घ्यायला लागला, उगाच कोपऱ्यात मारायला लागला, तर विटा परत आणायची वेळ झाली. ती आवृत्ती, विटांशिवायची, आधी मला पाठव. आत्याला देतो.